खोगीरभरती, पण कामाची!

इंदूरहून पुण्याला जायला रात्रीच्या बसगाड्या आहेत, रेल्वे आहे, विमानही आहे. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी आणि बायको मोटरसायकलवर निघालो. तिचं माहेर पुण्याचं, गाडी नवी आणि अंगात हौस. निघताना आईने हातावर दही ठेवलं आणि मागच्या सीटकडे बघत विचारलं, "सहाशे किलोमीटर हिने एवढ्याशा पट्टीवर बसायचं?"

मी म्हटलं, "अगं, ही टूरिंगचीच गाडी आहे."

पहाटे पाचला मल्हारगंज सोडलं. खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा मी अगदी मजेत होतो. सेंधव्याला चहा झाला. बिजासन घाट उतरताना उजव्या मांडीत मुंग्या यायला लागल्या, पण म्हटलं अजून थोडं पुढे जाऊ. शिरपूरच्या पुढे एका ढाब्यावर गाडी वळवली, पाय खाली टेकवला, आणि तो पाय माझा आहे की दुसऱ्या कुणाचा तेच कळेना. गुडघा दुमडला आणि गाडी आम्हा दोघांसकट उजवीकडे कलंडली. गाडी उभीच होती म्हणून थोडक्यात भागलं. तरी तापलेल्या सायलेन्सरचा चटका बायकोच्या पोटरीला बसलाच.

ढाब्याच्या खाटेवर तिला बसवून पायावर गार पाणी ओतत होतो. तेव्हा विचारलं, "तुला सीटचा त्रास होत होता का?"

"खलघाटपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास!"

धुळ्याला तिने एसटी पकडली. मी मागची रिकामी सीट घेऊन मालेगाव, मनमाड, नगर करत रात्री पुण्याला पोचलो. सासूबाईंनी पोटरीवरचा फोड पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

स्प्रेडशीटमधला रिकामा रकाना

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर असल्यामुळे गाडी घेण्यापूर्वी मी रीतसर स्प्रेडशीट केली होती. टॉर्क, मायलेज, ब्रेक, टाकीची क्षमता, सर्व्हिसचा खर्च, सगळं होतं. सीटसाठी एकच रकाना होता, उंचीचा. मागच्या सीटसाठी एकही नव्हता.

माहितीपत्रकात सीटची उंची ठळकपणे दिलेली असते. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० घ्या, उंची ७६५ मिलिमीटर. क्लासिक ३५०, ८०५ मिलिमीटर. हिमालयन ४५०, ८२५ मिलिमीटर. पाय जमिनीला पुरतील की नाही एवढं या आकड्यावरून समजतं, आणि तेही महत्त्वाचं आहेच. पण सीट किती रुंद आहे, आतला फोम किती टणक आहे, बैठकीला उतार किती आहे, हे या आकड्यातून कळत नाही. चार तासांनी तुमचं काय होणार, ते मात्र याच गोष्टींवर ठरतं.

मी शोरूममध्ये सीटवर बसून पाहिलं होतं. पाचेक मिनिटं. सीट लोण्यासारखी मऊ लागली आणि मी खूश झालो. पुढे कळलं की फसगत तिथेच झाली होती.

बाबांची गोधडी आणि मल्हाररावांचे घोडेस्वार

पुण्याहून परतल्यावर हा किस्सा घरात रंगला. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आम्ही स्कूटरवर ओंकारेश्वरला जायचो तेव्हा तुझ्या आईच्या सीटवर गोधडीची घडी बांधायचो. उशी नाही, गोधडी. उशी दबते."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून राहिलं. आपण ज्याला निरुपयोगी भर म्हणून नाक मुरडतो, ती 'खोगीरभरती' मुळात काय आहे? खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायचं गादीसारखं जीन, आणि खोगीरभरती म्हणजे त्याच्या आत ठासून भरायची भर. बाहेरून ती दिसत नाही, म्हणून कुणी त्यात चिंध्या भरतं, कुणी काहीही कोंबतं. त्यावरूनच हा शब्द पानं भरण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला चिकटला. पण स्वाराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, सगळा मामला त्या भरतीचाच आहे.

आमच्या मल्हारगंजाच्या नावातच मल्हारराव होळकर आहेत. ज्या मराठी फौजांच्या पाठोपाठ आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज माळव्यात आले, त्यांची सारी भिस्त घोड्यावर होती. स्वतःच्या घोड्यावर येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि दोघांच्याही खालचं जीन शिवणारे ते जीनगर. दख्खन ते माळवा हा रस्ता त्यांनी खोगिरावर बसून कापला, आणि मी पाचशे रुपयांचं रेक्झिन आणि मऊ फोम यांच्या भरवशावर निघालो होतो!

मोटरसायकलवाल्यांच्या जगातही हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेत 'आयर्न बट असोसिएशन' नावाची लांब पल्ल्याच्या स्वारांची संघटना आहे. २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला ती प्रमाणपत्र देते. त्या प्रकाराचं नाव आहे 'सॅडलसोअर १०००'. आपल्या भाषेत सांगायचं तर खोगिराने सोललेला! नावावरूनच लक्षात यावं की इंजिनाच्या आधी कोण दमतं.

मऊ आणि आरामशीर यांत फरक आहे

घरापासून पायी दहा मिनिटांवर सीट शिवणारे एक चाचा बसतात. त्यांच्याकडे सीट घेऊन गेलो. त्यांनी कव्हर काढलंही नाही. सीटच्या मधोमध गुडघा दाबला आणि म्हणाले, "भिया, नरम गद्दी दुकान पे बेचने के लिए होती है, चलाने के लिए नी." मग मला दाबायला लावलं. गुडघ्याला खालचा कडक प्लास्टिकचा तळ सरळ जाणवला.

आपण बसतो तेव्हा शरीराचं बरंचसं वजन ढुंगणातल्या दोन हाडांवर येतं. फोम फार मऊ असेल तर सुरुवातीला तो छान दबतो, मग दबतच राहतो, आणि अर्ध्यापाऊण तासाने हाडं जवळजवळ तळावर टेकतात. सगळा दाब त्या दोन ठिकाणी एकवटतो. तिथला रक्तपुरवठा कमी होतो, नसा दबतात आणि मुंग्या सुरू होतात. टणक फोम पहिल्या पाच मिनिटांत मनाला पटत नाही, पण तो वजन मांड्यांपर्यंत पसरवतो. बाबांची गोधडी हेच करत होती. थरावर थर असल्यामुळे ती एका मर्यादेपुढे दबत नव्हती.

आपल्याकडे फोम 'डेन्सिटी'वर विकला जातो. ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं तेवढं किलो वजन. मी सरळ "जास्तीत जास्त डेन्सिटीचा द्या" म्हणालो. चाचा हसले. डेन्सिटीवरून फोम किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो, पण तो किती टणक लागेल हे त्यावरून नक्की कळत नाही. एकाच डेन्सिटीचे दोन तुकडे हाताला वेगळे लागू शकतात. म्हणून फोम हाताने दाबून, त्यावर प्रत्यक्ष बसूनच निवडायचा. आणि अंगकाठी वेगळी तर फोमही वेगळा. ५० किलोच्या माणसाला जो दगडासारखा लागतो, तोच ९० किलोच्या माणसाखाली पापड होतो.

पुठ्ठ्याची परीक्षा

दुसरी गोष्ट रुंदीची. सायकलवाल्यांची एक सोपी युक्ती मला सापडली. आतून नालीदार असलेला खोक्याचा पुठ्ठा कडक पायरीवर ठेवायचा, त्यावर ताठ बसायचं, पाय थोडे वर उचलायचे आणि मिनिटभराने उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे तुमच्या बैठकीच्या हाडांचं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण १० ते १४ सेंटीमीटर भरतं, आणि स्त्रियांमध्ये सरासरीने थोडं जास्त.

एका रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर आमच्या घराच्या पायरीवर हा कार्यक्रम पार पडला. बाबा उत्साहाने बसले. आई "काहीतरीच तुमचं!" म्हणत आत गेली. माझं अंतर ११ सेंटीमीटर भरलं, बायकोचं १३. मग टेप घेऊन गाडीची मागची सीट मोजली. ती मागे निमुळती होत गेलेली, दिसायला झोकदार. पण बायको जिथे बसते तिथे तिची सपाट जागा हाडांना जेमतेम पुरत होती. हाडं सीटच्या कडांवर आणि खाली कडक शिवण. चार तास ती तशी बसली होती.

तिसरी गोष्ट उताराची. मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप सीटवर ठेवलं. माझी बैठक पुढे टाकीकडे झुकलेली होती. अशा सीटवर आपण सतत पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, आणि मनगटं व खांदे दुखले की हँडलला दोष देतो. मागचा माणूसही ब्रेक लागला की पुढच्यावर येतो. बैठक जवळजवळ सपाट हवी, मागे किंचित आधार असलेली. पण तिला फार खोल खळगा असेल तर माणूस त्यात रुतून बसतो. लांबच्या प्रवासात दर थोड्या वेळाने इंचभर पुढेमागे सरकता आलं पाहिजे. एकाच ठिकाणी कितीही छान बसवलं तरी दोन तासांनी ते छान राहत नाही.

इथे एक गैरसमज सांगतो, कारण मित्रमंडळीत अनेकांचा असतो. पाय पुढे पसरून बसायच्या क्रूझर गाड्या पाहताक्षणीच आरामशीर वाटतात. पण पाय पुढे असले की वजन जवळजवळ सगळं बुडावर आणि कण्याच्या टोकावर येतं. खड्डा आला तर पायांवर भार घेऊन अंग उचलता येत नाही. फुटरेस्ट बऱ्यापैकी शरीराखाली असतील तर मांड्या आणि पाय भार वाटून घेतात, मधूनमधून फुटरेस्टवर उभंही राहता येतं. म्हणून सीट पाहताना सीट, हँडल आणि फुटरेस्ट या तिघांचा एकत्र विचार करायला हवा.

चाचांची खोगीरभरती

आम्ही मूळ सीट तशीच घरी ठेवली आणि एक जुनी सीट मिळवून तिच्यावर काम केलं. बिघडलं तरी परतायला जागा हवी, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. चाचांनी कव्हर उतरवलं, पिना काढल्या, मधला मऊ भाग कापला. त्यात टणक फोम सोल्युशनने चिकटवला, वर जेमतेम दीड सेंटीमीटरचा मऊ थर दिला. माझ्या बैठकीचा पुढचा भाग भरून उतार काढला. मागची सीट दोन्ही बाजूंनी वाढवली आणि कडा गोल केल्या. फोमवर पातळ प्लास्टिक अंथरलं, कारण शिवणीतून पाणी आत गेलं की फोम ते पितो आणि मग ऊन पडल्यावरही दोन दिवस बूड ओलं राहतं. वरचं कापड चाचांनी असं बेतलं की बसायच्या जागी एकही शिवण आली नाही. सगळा खर्च २८०० रुपये.

सीट दोन सेंटीमीटरने उंच झाली. माझ्या पायांना ते चाललं, पण ज्यांचे पाय आधीच जेमतेम टेकतात त्यांनी इथे सावध राहावं. थांबताना गाडी न सावरणं काय असतं, ते आम्ही शिरपूरला पाहिलं आहे. आणखी एक. सीट बदलताना मागच्या माणसाची धरायची मूठ आणि फुटरेस्ट यांना हात लावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३व्या कलमाने ती सक्तीची आहेत, आणि नियम नसता तरी ती हवीतच.

मधल्या काळात बाजारातले तयार पर्यायही मागून-उसने घेऊन पाहिले. जेलची गादी थंडीत उत्तम, पण मे महिन्यात गाडी तासभर उन्हात उभी राहिली की तिचा तवा होतो. हवेच्या कप्प्यांची गादी मात्र विचार करण्यासारखी आहे. तिची कल्पना व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्या रुग्णांच्या गाद्यांवरून आलेली आहे. एकच चूक सगळे करतात, मीही केली. ती टम्म फुगवली. मग माणूस चेंडूवर बसल्यासारखा डुलतो. बसल्यावर हवा सोडत जायची, हाडं तळापासून जेमतेम बोटभर वर तरंगतील एवढीच ठेवायची. आणि ज्यांना इतकं काही नको त्यांनी जाळीचं कव्हर तरी घ्यावं. ते दाब कमी करत नाही, पण रेक्झिन आणि अंग यांच्यात हवा खेळती ठेवते. घामाने सोलवटणं त्याने बरंच टळतं.

तिचा रकाना

आता खरी परीक्षा. मे महिन्यात महेश्वरला निघालो, महूहून जाम दरवाज्याच्या घाटाने. या वेळी स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने होते, एक माझा, एक तिचा. दर अर्ध्या तासाला पाचपैकी गुण द्यायचे. मनातले द्यायचे, मला बरं वाटावं म्हणून नाही, ही अट तिनेच घातली.

पहिल्या फेरीत माझे गुण तीन तासांनंतरही चार. तिचे दुसऱ्याच अर्ध्या तासात तीनवर. मी चक्रावलो. सीट तर रुंद झाली होती! महेश्वरच्या घाटावर बसून तिने नीट सांगितलं. आता दुखत नव्हतं, आदळत होतं. प्रत्येक गतिरोधकावर कण्यात हादरा जात होता.

घरी येऊन वाचलं. शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांसाठी आयएसओ २६३१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वात जास्त संवेदनशील असतं. हे हादरे नुसत्या फोमने थांबत नाहीत. ते काम स्प्रिंगचं आणि टायरचं. मागचा शॉकअप मी एकट्याच्या वजनावर ठेवला होता. दोघं बसल्यावर तो आधीच दबलेला असायचा आणि खड्ड्यात शेवटपर्यंत जाऊन आपटायचा. मेकॅनिककडे त्याचा प्रीलोड दोन खाचा वाढवला, टायरची हवा पुस्तिकेत दोघांसाठी दिली आहे तेवढी केली. खर्च शून्य. पुढच्या फेरीत तिचे गुण अडीच तासांपर्यंत चार.

त्यानंतर हळूहळू घसरले, आणि ते कशानेच सुधारले नाहीत. फोमचा एक थर बदलून पाहिला, पाठीला टेकू लावून पाहिला. टेकूने जरा फरक पडला, एवढंच. मग लक्षात आलं, पुढे बसणारा फुटरेस्टवर उभा राहू शकतो, सरकू शकतो, चालवण्यात त्याचं मन गुंतलेलं असतं. मागच्या माणसाला यातलं काहीच नसतं. तेव्हा कुठे थांबायचं हे पुढच्याने ठरवणं हाच मुळात चुकीचा हिशेब आहे. आता आमच्यात नियम आहे. खांद्यावर दोन थापा पडल्या की पुढच्या सावलीत गाडी थांबते. "अजून दहा किलोमीटर" म्हणायचं नाही. आणि ती म्हणाली नाही तरी तासाभराने थांबायचंच.

तुम्ही नवी गाडी बघत असाल तर एवढंच सांगेन. ओळखीच्या कुणाची तीच गाडी तासभर मागून घ्या. सीटमध्ये गुडघा दाबून पाहा. जाड शिवणीची जीन्स घालू नका, तीही रुतते. आणि ज्या माणसाला मागे बसवणार आहात त्याला शोरूममध्ये नुसतं फोटोसाठी बसवू नका. त्याला तासभर खरंच मागे बसवून फिरवा आणि परतल्यावर विचारा. विचारल्यावर गप्प बसा आणि ऐका. मला हे ऐकायला शिरपूरपर्यंत जावं लागलं.

गेल्या डिसेंबरात पुण्याला पुन्हा गेलो. या वेळी दोन दिवसांत, धुळ्याला मुक्काम करून. धुळ्यात सकाळी एसटी स्टँडवरून जाताना मी गाडी जरा हळू केली आणि आरशात मागे पाहिलं. खांद्यावर एकच थाप पडली.

"इथे नाही. पुढे चल."